नाव टाकलेली कॅसेट

आमच्या गावाहून राजूरला जायचं म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जायचं. आमचं गाव पाथर्डीच्या आत, माळावर. राजूर अकोले गावाच्या पुढे, डोंगरात. जिल्हा एकच, नगर, पण इकडच्या माणसाला तिकडं काय पिकतं ते माहीत नसतं. आमच्या गल्लीतल्या बायका मला अजून विचारतात, तिथं खरंच रोज भात खातात का. मला चारचौघीत नीट सांगता येत नाही. म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते.

निघण्याआधी

मी गेले होते एक कॅसेट विकायला. गाण्याची नव्हे, टीव्हीवर खेळायच्या खेळाची. काळी, चपटी, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. मशीनच्या तोंडात बसवली की टीव्हीवर खेळ दिसायचा. दोन टोपीवाले, कमरेला पिस्तूल, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये निवडुंग. दोघांनी एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. आमच्याकडे त्याला टोपीवाल्याचा खेळ म्हणत.

तो आणला यांच्या मामांनी. ते जहाजावर स्वयंपाकी होते. अमेरिकेतून येताना भाच्यांसाठी मशीन आणि ही कॅसेट घेऊन आले. मी नवी नवरी होते तेव्हा दिवसभराची कामं उरकली की दोघे भाऊ टीव्हीसमोर बसायचे. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, डावीकडे आणि हे उजवीकडे. चित्र वर-वर पळायचं, ते मागचं बटण फिरवून थांबवावं लागे. निम्मी गल्ली बघायला यायची.

मग बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून भावांचं वाकडं आलं आणि वाटणी झाली. चार पंच बसले. पातेली, पराती, बैल, विहिरीच्या पाण्याची पाळी, सगळं वाटून झालं आणि शेवटी हा खेळ उरला. पंचांमधले म्हातारे आबा म्हणाले, "मशीन थोरल्याला, कॅसेट धाकट्याला. दोगांना येकेक. झालं." एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही, हे दोघा भावांपैकी एकानेही सांगितलं नाही. पाटा एकाला आणि वरवंटा एकाला द्यावा तसं झालं.

दुसऱ्या दिवशी भांड्यांवर नाव टाकणारा बोलावला. तो अंगणात बसला आणि त्याची सुई दिवसभर किर्र-किर्र करत होती. एका ढिगावर थोरल्यांचं नाव, एका ढिगावर यांचं. ढिगात मशीन होतं, त्यावरही टाकलं. कॅसेट होती, तिच्यावरही टाकलं. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

भाऊजींना पुढं राजूरच्या बाजूला आश्रमशाळेत शिक्षकाची नोकरी लागली. ते गेले ते पुन्हा गावाला आले नाहीत. आणि हे जीप चालवतात, पाथर्डी ते नगर. रोज नगरला जाणारा माणूस राजूरला कधी गेला नाही.

मी राजूरला गेले त्या वर्षी दिवाळीनंतर गावातल्या एसटीडी बूथवर भाऊजींचा फोन आला. डोंगर चढायला आलेले पुण्याचे एक पाहुणे त्यांच्या घरी उतरले होते. त्यांना जुने टीव्हीचे खेळ जमवायचा नाद. मशीन आणि कॅसेटचा रिकामा खोका बघून ते म्हणाले, कॅसेट असेल तर चांगले पैसे देतो, अमेरिकेत लोक हे कॉम्प्युटरवरून विकत घेतात. पुढच्या रविवारी पुन्हा येणार होते. इतक्या वर्षांनी भाऊ भावाशी बोलला ते एवढंच. यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तू जा घिऊन. जीपची चारी टायरं निघतील त्यात. मी काय येत न्हाई."

मी कधी एकटी नगरच्या पुढे गेले नव्हते. पण मला जायचं होतं, आणि ते टायरांसाठी नव्हतं. आमच्या सुमनचं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापायची होती. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून घरातल्या थोरल्याचं नाव वर असतं. आमच्या पत्रिकेवर कुणाचं घालायचं हा विषय निघाला की हे उठून जीप पुसायला जायचे. सुमनला पाळण्यात घातली ती माझ्या जावेनं, अक्कांनी. तिच्या हळदीला अक्का नसल्या तर ती हळद कसली, असं मला वाटायचं.

निघताना यांनी बजावलं, "लग्नाचं तिथं काडायचं न्हाई. सांगायचं आसंल तर म्या सांगीन. बायकांनी सांगितल्यालं आवतण धरत न्हाईत."

ते खरंच आहे. भावकीला आमंत्रण अक्षता घेऊन घरच्या पुरुषानेच जाऊन द्यायचं असतं. मी मान हलवली. कॅसेट फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली, वर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली.

संगमनेरच्या स्टँडवर

नगरपर्यंत यांनीच जीपने सोडलं. पुढं एसटी. राहुरी सोडली की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मी गावं याच उसात येतात कोयते घेऊन. घरांना कुलपं, शाळेत पोरं नाहीत. ती माणसं कुठं जातात ते मी ऐकून होते, तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पाचटाच्या खोप्या, चुलीचा धूर, वाटेवर उसाच्या गाड्या.

संगमनेरला उतरले आणि पाटीवर राजूर वाचून एका गाडीत जाऊन बसले. गाडी रिकामीच होती. बराच वेळ झाला तरी कुणी येईना. शेवटी झाडूवाला म्हणाला, ही गाडी सकाळीच राजूरहून आलीय, आता डेपोत चाललीय, पाटी काढायची राहिली. मी खाली उतरून बाकावर बसले. कुणी बघितलं का म्हणून इकडं-तिकडं बघत होते, तर शेजारी बसलेली बाई हसत होती. डोक्याला फडकं, हातात औषधाची बाटली.

"पाटी वाचता येती म्हणून फसला," ती म्हणाली. "मला येत न्हाई, मी धा जणांना इचारते. पाथर्डीकडच्या ना तुमी?"

"कशावरून?"

"त्या झाडूवाल्याला 'व्हय का ओ दादा' म्हणालात. आमी तिकडच्याच. ऊसतोडीच्या टोळीत आलोय. मालकाला ताप हाय, औषिदाला आले. तुमी कुठं?"

"राजूरला. जावेकडं."

तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं. "भांडन हाय व्हय जावंशी?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. ती म्हणाली, "राग मानू नगा. पर आपल्याकडची बाई जावंकडं जाती आन संगं बाजरी न्हाई? तिकडं डोंगरात बाजरी पिकत न्हाई. सुखात जानारी बाई पायलीभर तरी बांधून नेती."

मला मेल्यासारखं झालं. घरात कणगीभर बाजरी होती. मी कॅसेट फडक्यात गुंडाळताना दहा वेळा बघितली आणि बाजरी सुचलीच नाही. मी तिला चटणी-भाकर दिली. तिनं ती लगेच खाल्ली नाही, पदराला बांधली. म्हणाली, "मालकाला नेते. घरची चव हाय." अकोल्याची गाडी लागली तशी तिनंच मला उठवलं, आणि ड्रायव्हरला विचारून मगच चढू दिलं.

राजूर

अकोल्याच्या पुढे मी खिडकी सोडली नाही. आमच्याकडे मान वर केली की आभाळ दिसतं, तिथं मान वर केली की डोंगर. भात काढून झाला होता. खाचरं रिकामी, पेंढ्याच्या गंजी, ओल्या पेंढ्याचा वास. रस्त्याच्या कडेने नदी होती आणि तिच्यात दिवाळीनंतरही पाणी होतं. गाडीतल्या कुणाला त्याचं काही नव्हतं. मी एकटीच बघत होते.

अक्का स्टँडवर आल्या होत्या. केस पांढरे झालेले. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मध्येच धरलं आणि म्हणाल्या, "वाळलीस लई. एसटीत बसायला जागा मिळाली का?" इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य ते. घरी जाईपर्यंत त्या वाटेवरच्या दुकानांची माहिती देत होत्या. हे पेढ्याचं दुकान, हे कापडाचं, इथं डोंगरावरच्या बायका हिरडा विकायला येतात.

घर शाळेच्या मागे, कौलारू. कोपऱ्यात नळ. अक्कांनी भांडी घासली आणि एवढं पाणी ओतलं की माझा हात आपोआप पुढं झाला.

"आगं, सांडू दे," त्या म्हणाल्या. "मी बी पयलं वरीस अशीच करायची. शेजारीन हसायची."

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भात. तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, पण दोन खाल्ल्या तरी पोट भरल्यासारखं वाटेना. त्यांच्याकडे पीठ उकडीचं मळतात. मी तसं करून बघितलं तर हात भाजला. अक्का म्हणाल्या, "बाजरी न्हाई आनलीस?"

"राहिली," मी म्हणाले.

भाऊजी ओसरीत जेवत होते. त्यांच्यापुढं मी कधी बोलले नाही, आमच्यात थोरल्या दिरासमोर बोलत नाहीत. पण त्यांचं खाकरणं, ताटाला पाण्याचा फेर देणं, सगळं यांच्यासारखं. मी पदर पुढं ओढून आत बसले होते आणि मला आमच्याच घरी बसल्यासारखं वाटत होतं.

अक्कांनी भाकरी थापता थापता विचारलं, "सुमन केवढी झाली?"

"माझ्या खांद्याच्या वर."

"बगताय का कुठं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती अजून उलटायची नव्हती, मोडली. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मोडकी भाकरी बाजूला ठेवली, नवा गोळा घेतला आणि म्हणाल्या, "बरं. न्हाई सांगायचं तर नको सांगू."

रविवार

पुण्याचे पाहुणे सकाळीच आले. तरुण होते, इंजिनिअर. पाठीवर पिशवी, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले. मला "ताई" म्हणाले, मी आतल्या दाराशी उभी होते. मी कॅसेट अक्कांच्या हातात दिली, अक्कांनी त्यांच्या.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले आणि मग फडकं सोडलं. देवाची मूर्ती उघडावी तसं. वरचं चित्र बघून त्यांचा चेहरा उजळला. घोड्यावरचा टोपीवाला, मागे लाल डोंगर, रंग जराही गेला नव्हता. म्हणाले, "काका, हे कार्ट्रिज खोक्यासकट मी भारतात कुणाकडे पाहिलेलं नाही." मग त्यांनी ते उलटं केलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"हे काय आहे?"

"नाव," अक्का म्हणाल्या.

"कुणी कोरलं?"

"नाव टाकनाऱ्यानं. वाटनीत."

त्यांनी मशीन उलटं केलं. त्याच्यावरही होतं, भाऊजींचं, टपोऱ्या अक्षरात, गावाच्या नावासकट. त्यांनी दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या.

मग ते समजावून सांगू लागले. या वस्तूंची किंमत कशी ठरते. दुकानातून निघाली तशीच पाहिजे. ओरखडा नको, लेबल फाटलेलं नको, कुणी नाव लिहिलेलं तर मुळीच नको. काही लोक तर खोका उघडतही नाहीत.

"मग खेळत्यात कशानं?" अक्कांनी विचारलं.

"खेळत नाहीत. ठेवतात."

"कशाला?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. म्हणाले, "लहानपणी हवं असतं ना काकू, आणि मिळत नाही. ते नंतर मिळालं की जपून ठेवावंसं वाटतं."

अक्कांना ते पटलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. "आमच्यात उलटं हाय बाबा. नाव नसल्यालं भांडं कुनाचंबी असतं. लग्नाच्या पंगतीला गेलं की परत येत न्हाई. नाव आसलं की गावभर फिरून घरी येतं."

मला चार टायरं गेली याचं दुःख झालं नाही असं नाही. घरी काय सांगायचं, हे मी दाराला टेकून ठरवत होते.

पाहुणे म्हणाले, निदान चालतं का ते तरी बघू. भाऊजींनी मशीन टीव्हीला जोडलं, कॅसेट बसवली. चित्र वर-वर पळायला लागलं. भाऊजींचा हात न बघता टीव्हीमागे गेला, बटण फिरवलं, चित्र थांबलं. दोन टोपीवाले, मध्ये निवडुंग. पाहुण्यांनी भाऊजींपुढे टोपीवाला हलवायचा डावा दांडा ठेवला आणि उजवा स्वतः घ्यायला गेले.

"त्यो ऱ्हाऊ द्या," भाऊजी म्हणाले. "ती धाकट्याची बाजू हाय."

पाहुण्यांनी हात मागे घेतला. उजवीकडचा टोपीवाला नुसता उभा. मग अक्कांनी मला दंडाला धरून पुढं आणलं. "बस गं. नवऱ्याची बाजू नवऱ्याच्या बायकूनं धरायची. ह्येच्यात कसली लाज."

मी पदर ओढून, भाऊजींकडे पाठ होईल अशी तिरकी बसले आणि दांडा धरला. माझा टोपीवाला जिकडं ढकलीन त्याच्या भलतीकडं जायचा. शेवटी तो निवडुंगाला जाऊन टेकला आणि तिथंच पाय नाचवायला लागला. समोरून भाऊजींची गोळी आली. मला वाटलं, मेले. पण ती निवडुंगाला लागली, त्याचा एक तुकडा उडाला. दुसरी आली, आणखी तुकडा. माझ्या माणसाला त्यांनी गोळी मारलीच नाही. निवडुंग संपेपर्यंत तेच करत राहिले.

मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, "धाकटा आसता तर येवढ्यात मी धा वेळा मेलो आसतो. लई चपळ हात त्येचा."

अक्का हसल्या. पाहुणेही हसले. मी दांडा ठेवून आत गेले आणि उगीचच चुलीत फुंकर घालत बसले.

निघताना पाहुण्यांचं लक्ष पुन्हा खोक्याकडे गेलं. फळीवर होता. नावं टाकली त्या दिवशी पुठ्ठ्यावर सुई चालेना म्हणून नाव टाकणाऱ्याने तो बाजूला फेकला होता आणि अक्कांनी रीळं-सुया ठेवायला उचलला होता. पाहुण्यांनी विचारलं, हा एकटा द्याल का? याची किंमत जास्त असते, कारण लोक खोके फेकून देतात.

"रिकामा खोका?" भाऊजी म्हणाले.

"रिकामा. आणि कार्ट्रिज कमी किमतीत द्यायचं असेल तर तेही घेईन."

भाऊजी म्हणाले, "खोका घ्या. कॅसेट धाकट्याची हाय. त्येला इचारल्याबिगर मला देता येत न्हाई."

अक्कांनी खोका परातीत पालथा केला. रीळं, बटणं, सुया, आणि तळाशी काळ्या मण्यांची एक एवढीशी मनगटी. सुमनची. तिला पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून घातलेली. मी ती कधीच हरवली असं धरून चालले होते. मी हात पुढं केला तर अक्कांनी मूठ मिटली.

"ही माझ्याकडंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटनीला तेवढीच आली."

परत

खोक्याच्या पैशांचे भाऊजींनी दोन भाग केले, कारण खोका वाटणीत कुणालाच गेला नव्हता. आमच्या भागात एक टायर बसत होतं. अक्कांनी ते पैसे पेढ्यांच्या पुडक्याला बांधले, माझी ओटी भरली, ओटीत गहू नव्हते, तिथल्या रिवाजाप्रमाणे तांदूळ होते, वासाचे.

सकाळी मी पिशवी भरली. कॅसेट मशीनच्या तोंडातच होती. मी फडकं घडी करून पिशवीत ठेवलं, रिकामंच. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी फडक्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग टीव्हीवरचा रुमाल सारखा केला आणि त्याचं टोक मशीनवरही ओढलं.

"चल," त्या म्हणाल्या, "गाडी निगून जायाची."

लग्नाचा शब्द मी काढला नाही. यांना दिलेला शब्द पाळला.

घरी आले तेव्हा हे जीपच्या खाली होते. बाहेर आले, हात पुसले, पैसे बघितले. "एवढंच?"

मी सगळं सांगितलं. नाव टाकल्याचं, खोक्याचं. निवडुंगाचंही सांगितलं. त्यावर यांनी पेढा खाल्ला. मग विचारलं, "कॅसेट कुठाय?"

"राहिली तिथंच. मशीनमध्ये."

"राहिली? तू इसारलीस?" मी कधी चमचाही विसरत नाही हे त्यांना माहीत होतं. "आता काय करायचं?"

"नाव आहे तिच्यावर," मी म्हणाले. "कुठं जातीय."

मी तांदूळ निवडायला घेतले.

पुढच्या रविवारी मी उठले तर अंगणात जीपचा हुड उघडा होता, हे रेडिएटरमध्ये पाणी घालत होते. नगरचं भाडं असेल असं वाटलं. ताट करायला आत गेले तर कणगीचं झाकण बाजूला, आणि भुईवर बाजरीचे दाणे सांडलेले, थेट दारापर्यंत. बाहेर येऊन बघितलं. मागच्या सीटवर बाजरीचं पोतं होतं, सुतळीनं तोंड शिवलेलं. पोत्यावर पत्रिकेचा कच्चा मजकूर, घडी घातलेला. निमंत्रकाच्या ओळीत जागा कोरी ठेवली होती.

"सुमन," यांनी घरात हाक दिली, "अक्षदा दे गं वाटीत घालून."